टी-१ च्या मांडीवरचा डार्ट : पांढरकवडा प्रकरणात कलम ११ कुठे घसरलं

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ टी-१ वाघीण एका गोळीत मेली. नागपूरला गोरेवाड्यात शवविच्छेदन झालं, तेव्हा गोळीच्या जखमेइतकीच चर्चा तिच्या मांडीवर सापडलेल्या डार्टची झाली. बेशुद्धीच्या औषधाची ही सिरिंज गोळीच्या आधी लागली की नंतर, तिच्यातलं औषध कधी भरलं होतं आणि भरणारा पशुवैद्यक त्या रात्री कुठे होता, या तीन प्रश्नांवर पुढची सगळी चौकशी फिरली. पेपरवाल्यांनी तिला ‘अवनी’ म्हटलं, गावांनी नरभक्षक. वनखात्याच्या फायलीत ती टी-१ होती. इथे फायलीतलंच नाव ठेवलं आहे, कारण हे प्रकरण जंगलाइतकंच फायलीतही हरलं गेलं.

आधी जागा समजून घेऊ. यवतमाळ जिल्ह्यातला पांढरकवडा-राळेगावचा हा पट्टा संरक्षित क्षेत्राच्या बाहेरचा. जवळचं टिपेश्वर अभयारण्य सुमारे १४८ चौ. किमीचं, म्हणजे वाढत्या वाघांना तोकडंच. तिथून निघालेला तरुण वाघ पाच-सहा किलोमीटरवर वावरात येतो. सागाचे तुकडे, मधे पऱ्हाटी म्हणजे कापूस आणि तूर, तुकडे जोडणारे नाले, आणि नाल्याच्या दोन्ही काठांवर माजलेली रायमुनिया, म्हणजे घाणेरीची दाट झुडपं. रायमुनियात दहा फुटांवरचा वाघ दिसत नाही. रोही म्हणजे नीलगाय आणि रानडुक्कर पिकावर येतात, त्यांच्या मागे वाघ येतो, आणि त्याच रोही-डुकरांना हाकलायला शेतकरी रात्री जागलीला जातो. ढोरकी सकाळी गुरं घेऊन त्याच नाल्याने वर चढतो. कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे पाडे, जंगलाला लागूनच असतात. वाघ आणि माणूस एकाच पांदणीवर येण्यासाठी इथे कुणी चूक करावी लागत नाही.

जून २०१६ ते ऑगस्ट २०१८ या काळात या भागात १३ माणसं मेली आणि ती टी-१ च्या नावावर लागली. त्यातले तीन मृत्यू एकट्या ऑगस्ट २०१८ मधले. त्या महिन्यात पऱ्हाटी वाढलेली, डवरणी-निंदणी चालू, माणूस वाकून काम करतोय. वाकलेला माणूस वाघाला माणसाच्या उंचीचा दिसत नाही, हे या हल्ल्यांबद्दल जाणकार वारंवार सांगत आले आहेत. गावांचा संताप कुठून आला ते समजायला एवढं पुरे.

आता कायदा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ ने शिकारीला बंदी आहे. ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या मात्र कलम २(१६) मध्ये आहे आणि ती बोलीतल्या शिकारीपेक्षा फार रुंद आहे. पकडणं, फासा लावणं, हाकणं, बेट म्हणजे आमिष बांधून बोलावणं, सगळं तिच्यात बसतं. म्हणजे वाघासाठी पिंजरा लावून आत बोकड बांधणं हीसुद्धा कायद्याने शिकारच. सरपंचाने डीएफओला, म्हणजे विभागीय वन अधिकाऱ्याला, “निदान पिंजरा तरी लावा” म्हटलं की डीएफओ वर पत्र पाठवतो आणि गाव म्हणतं टाळाटाळ चालली. खरी अडचण अशी की अनुसूची १ मधल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या वाघासारख्या प्राण्यासाठी हा अधिकार फक्त राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाला आहे, आणि महाराष्ट्रात तो अधिकारी नागपूरला बसतो.

कलम ११(१)(क) नुसार प्राणी मानवी जीवाला धोकादायक झाला आहे, किंवा बरा न होण्याइतका जायबंदी वा आजारी आहे, अशी या अधिकाऱ्याची खात्री झाली, तर तो लेखी आणि कारणांसह आदेश काढू शकतो. ‘नरभक्षक’ हा शब्द या कलमात नाही. किती माणसं मेली की वाघ धोकादायक, असा आकडाही नाही. आकडा गावात चालतो, न्यायालयात कारणं चालतात. पुढे दोन परंतुकं, म्हणजे अटी, आहेत आणि सगळी कसोटी त्यांच्यातच आहे. पहिलं म्हणतं, पकडणं, बेशुद्ध करणं किंवा स्थलांतरित करणं शक्य नाही अशी खात्री झाल्याशिवाय मारण्याचा आदेश देता येणार नाही. दुसरं म्हणतं, पकडलेला प्राणी पुन्हा जंगलात सोडणं शक्य नाही असं लेखी नोंदवल्याशिवाय त्याला कायमचं बंदिस्त ठेवता येणार नाही.

११(२) वेगळं आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावनेने प्राणी मेला, तर तो गुन्हा नाही. पण त्या क्षणी माणूस स्वतःच हा कायदा मोडत असेल तर ही ढाल मिळत नाही. वावराला करंट लावलेल्याला म्हणूनच तिच्यामागे लपता येत नाही.

खात्री व्हायची तर आधी वाघाची ओळख पटावी लागते. टी-१ च्या परिसरात टी-२ नावाचा नरही फिरत होता. तेव्हा तेराही मृत्यू एकाच जनावराचे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी खात्यावर होती आणि तिथेच सुरुवातीचे महिने निसटले. ओळख तीन धाग्यांनी पटते: पगमार्क म्हणजे पंजाचे ठसे, कॅमेऱ्यातले पट्टे आणि डीएनए. पगमार्कवरून नर की मादी आणि अंदाजे वय कळतं, पण एवढ्यावर आदेश उभा राहत नाही. पट्टे दोन्ही कुशींचे वेगळे असतात. वाटेच्या एकाच बाजूला कॅमेरा लावला तर डाव्या कुशीचा एक वाघ आणि उजव्या कुशीचा दुसरा, असे एकाचेच दोन वाघ मोजले जातात. म्हणून कॅमेरे जोडीने, समोरासमोर पण थोडे तिरके, गुडघ्याच्या उंचीवर लावायचे, म्हणजे एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या काचेत जाणार नाही. पुढचं गवत कोयत्याने साफ करायचं, नाहीतर वाऱ्याने हलणाऱ्या पात्यांचे दोन हजार फोटो निघतात आणि वाघ येईपर्यंत बॅटरी संपते.

डीएनए सगळ्यात नाजूक. वाघाची लाळ जखमेच्या कडेला आणि फाटलेल्या कपड्यावर असते. बीट गार्ड पोचेपर्यंत नातेवाइकांनी मृतदेह उचललेला असतो, अंग पुसून पांढऱ्या कपड्यात बांधलेलं असतं. त्यांना दोष देणं क्रूरपणा होईल. उपाय असा की पोलीस पाटलाला फोन गेला त्या मिनिटाला त्याने एवढंच सांगायचं: कपडे फेकू नका, धुऊ नका. निर्जंतुक पाण्याने किंचित ओल्या केलेल्या कापसाच्या काड्या जखमेच्या कडेवर फिरवायच्या, सावलीत पूर्ण वाळवायच्या आणि कागदी लिफाफ्यात ठेवायच्या. प्लास्टिकच्या पिशवीत दमट काडी ठेवली की बुरशी येते, आणि पुढे प्रयोगशाळेकडून ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असं उत्तर येतं. प्रत्येक लिफाफ्यावर तारीख, वेळ, जागा आणि दोन पंचांच्या सह्या. ऑगस्टच्या पावसात दोन तासांचा उशीर झाला तरी नमुना हातचा जातो.

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची कार्यपद्धती याच कामासाठी एक समिती मागते. तिच्यात मुख्य वन्यजीव रक्षकाचा प्रतिनिधी, प्राधिकरणाचा प्रतिनिधी, पशुवैद्यक, स्थानिक स्वयंसेवी संस्थेचा आणि पंचायतीचा प्रतिनिधी असतात, आणि जागेवरचा अधिकारी तिचं काम चालवतो. पंचायतीच्या माणसाला तिथे सही करायची असते आणि प्रश्नही विचारायचे असतात, हे बहुतेक सरपंचांना कुणी सांगितलेलंच नसतं.

२०१८ च्या सुरुवातीला निघालेला आदेश न्यायालयात अडला. त्या वर्षात वाघिणीसोबत दोन पिल्लं होती, त्यामुळे पेच आणखी वाढला. ४ सप्टेंबर २०१८ ला नवा आदेश निघाला: टी-१ आणि पिल्लांना बेशुद्ध करून पकडा, हलवा, आणि ते यशस्वी झालं नाही तरच जीवितहानी टाळण्यासाठी वाघिणीला गोळी घाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हस्तक्षेप केला नाही, ११ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानेही नाही. आदेश इतका वर जाऊन टिकला म्हणजे लढाई संपली, असं अनेकांना वाटलं. वास्तविक न्यायालयांनी आदेशातला क्रम कायम केला होता. आधी डार्ट, मग गोळी.

मग मोहीम सुरू झाली. लोणीत तळ, दोनशेच्या आसपास माणसं, शंभरीच्या जवळ जाणारे कॅमेरे, ड्रोन, पॅराग्लायडर, शिकारी जातीचे कुत्रे. मध्य प्रदेशातून आणि ताडोबातून हत्ती आले. त्यातल्या एकाने साखळी तोडली आणि चहांद गावात एका महिलेचा जीव घेतला. हत्ती परत गेले. वाघिणीच्या भीतीने दारं लावून बसलेल्या गावात हत्तीने माणूस मारावा, यापेक्षा मोहिमेची नाचक्की ती कोणती. शेवटी कॅल्विन क्लाइनचं ‘ऑब्सेशन’ अत्तरही शिंपडलं. त्याची जगभर थट्टा झाली, पण कल्पना वेडगळ नव्हती: त्या अत्तरात सिव्हेट या मांजरासारख्या प्राण्याच्या ग्रंथीतल्या द्रव्यासारखा घटक आहे आणि मोठी मांजरं त्या वासाला थांबतात, हे आधी दिसलेलं होतं.

मग पकड का जमली नाही? एक तर कॅमेरा वाघ काल कुठे होता ते सांगतो. रोज सकाळी कार्ड काढायची, तळावर आणायची आणि बघायची, यात अर्धा दिवस जातो आणि तोवर वाघीण दुसऱ्या नाल्यात गेलेली असते. दुसरं, डार्टची बंदूक साधारण वीस-तीस मीटरवर भरवशाची. रायमुनियात तेवढी मोकळी रेघ मिळत नाही. एखादी काडी आडवी आली तरी डार्ट वळतो. तिसरं, वाघाला सहसा झायलाझिन आणि केटामिनचं मिश्रण दिलं जातं. डार्ट नीट लागल्यावर जनावर आडवं व्हायला पाच ते पंधरा मिनिटं लागतात. तेवढ्यात ते कितीही आत जाऊ शकतं. दिवसा माग काढता येतो. रात्री अर्धवट गुंगीतली वाघीण आणि टॉर्च घेतलेली माणसं एकाच झुडपात शिरतात, म्हणून अंधारात डार्ट मारत नाहीत. चौथं कारण कागदावर दिसत नाही, पण तळावर सगळ्यांना माहीत होतं. पथकं बदलत राहिली. पशुवैद्यकांचा मार्ग शांत बसून बेटजवळ थांबण्याचा, बंदूकवाल्यांचा पाठलागाचा. दोन्ही एकाच जंगलात चालले की एकाने बसवलेलं जनावर दुसरा उठवतो.

२ नोव्हेंबरला शुक्रवार होता, राळेगावचा बाजार. रस्त्यावर वाघीण दिसल्याची खबर आली आणि उघडी गाडी निघाली. गाडीत पशुवैद्यक नव्हता. बंदूक होती त्या माणसाचं नाव आदेशात नव्हतं. पथकाचं म्हणणं असं की डार्ट मारला, वाघीण उलटून गाडीवर आली, आणि स्वसंरक्षणात गोळी झाडली.

इथे ११(१) आणि ११(२) एकमेकांवर आदळतात. आदेश पाळला असं म्हणायचं तर आधी बेशुद्धीचा खरा प्रयत्न दाखवावा लागतो. स्वसंरक्षण म्हणायचं तर वाघीण अंगावर येत होती हे शरीरावरच्या खुणांवरून दिसावं लागतं. शवविच्छेदनात गोळी समोरून आत गेलेली दिसली नाही. ती बाजूने गेली होती. प्राधिकरणाच्या चौकशी समितीने डार्टमधलं औषध ५६ तास जुनं असल्याची नोंद केली. डार्ट ज्या पद्धतीने लागला होता त्यावरही शंका घेतली. शस्त्र अधिनियम, भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम आणि प्राधिकरणाची कार्यपद्धती, तिन्हींचं उल्लंघन झाल्याचा ठपका आला. पशुवैद्यक परिषद अधिनियम इथे कसा आला असं वाटेल. वाघाला बेशुद्ध करणं हा पशुवैद्यकीय उपचार आहे, आणि तो नोंदणीकृत पशुवैद्यकाने किंवा त्याच्या देखरेखीखाली करायचा असतो. म्हणून त्या डार्टला एवढं वजन आलं. तो चार तास आधी, दिवसाउजेडी, पशुवैद्यकाच्या हातून लागला असता आणि तरीही वाघीण निसटली असती, तर नंतरच्या गोळीला आदेशाचा पूर्ण आधार मिळाला असता.

त्या रात्री गावांत फटाके वाजले. पुढे गोळी घालणाऱ्यांच्या सत्काराचा वाद झाला आणि २०२१ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. आदेश न्यायालयानेच मान्य केल्याने पुढे काही निघालं नाही. प्राधिकरणाची कार्यपद्धती मात्र अशा वाघाला मारण्यासाठी बक्षीस जाहीर करू नये असंच सांगते, आणि तिचं कारण साधं आहे: बक्षीस लागलं की डार्टआधी बंदूक उचलली जाते.

पिल्लांपैकी मादी डिसेंबर २०१८ मध्ये पकडली गेली, पुन्हा हत्तींच्याच मदतीने, आणि पेंचला कुंपणाच्या आत वाढवली. इथे कलम ११ चं दुसरं परंतुक लागू होतं, म्हणून मार्च २०२१ मध्ये तिला कॉलर लावून जंगलात सोडलं. थोड्याच दिवसांत दुसऱ्या वाघाशी झालेल्या झुंजीच्या जखमांनी ती गेली. कायद्याच्या अक्षराला धरून उचललेलं हे पाऊल होतं, पण कुंपणात वाढलेल्या तरुण मादीला दुसऱ्याच्या हद्दीत सोडण्याचा धोका अक्षरात मावत नाही.

स्थलांतरावर विदर्भातला आणखी एक अनुभव सांगायलाच हवा. २०१७ मध्ये दक्षिण ब्रह्मपुरीतल्या एका तरुण वाघिणीला पकडून कॉलर लावला आणि वर्धा जिल्ह्यातल्या बोर व्याघ्र प्रकल्पात सोडलं. बोर साधारण १३८ चौ. किमीचा. ती तिथे थांबली नाही. अडीच महिन्यांत वर्धा, नागपूर, अमरावती असा पाचशे किलोमीटरच्या घरातला फेरा मारला, वाटेत आणखी माणसं मेली, आणि ऑक्टोबरमध्ये वर्धा जिल्ह्यात वावराभोवतीच्या जिवंत तारेला चिकटून तीच मेली. त्या तारेमागचा शेतकरी रानडुकरांना रोखत होता. झटका मशीन थांबून-थांबून क्षणभराचा धक्का देतं, जनावर उडी मारून मागे जातं. थेट लाइनवरून हुक टाकलेली तार स्नायू आखडवते आणि सोडत नाही. वाघ मेला तर तारेच्या मालकाला तीन ते सात वर्षांची शिक्षा होऊ शकते, आणि तारेला चिकटून माणूस मेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा वेगळा.

उलट बाजूचं उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचं. तिथला आरटी-१ नर आठ मृत्यूंसाठी जबाबदार धरला गेला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये डार्टने जिवंत पकडला गेला. पाठलाग सोडून त्याच्या नेहमीच्या वाटेवर थांबण्याने ते जमलं.

टी-१ नंतर राज्यात सगळ्यात ठळक बदल भरपाईत झाला. २०१८ च्या जुलैत मृत्यूची मदत आठवरून दहा लाखांवर गेली होती. २०२२ मध्ये ती २० लाख झाली, २०२३ पासून २५ लाख आहे. त्यातले १० लाख ताबडतोब, १० लाख पाच वर्षांच्या आणि ५ लाख दहा वर्षांच्या ठेवीत. कायमच्या अपंगत्वाला साडेसात लाख, गंभीर दुखापतीला पाच लाख. गाय, म्हैस किंवा बैल मेल्यास बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार, यातलं जे कमी असेल ते. २०२३ च्या राज्य कायद्याने ही भरपाई हक्क म्हणून आली. ३० दिवसांत रक्कम मिळाली नाही तर व्याज लागतं. पण सुरुवात ४८ तासांच्या आत दिलेल्या खबरीने होते. जनावर मेलं असेल तर गारा, म्हणजे वाघाने मारलेलं जनावर, जागेवरून हलवायचा नाही, पशुवैद्यक आणि वनपाल येईपर्यंत पंचनामा होऊ द्यायचा. गारा ओढून पांदणीवर आणला की पंचनाम्यात ‘जागा निश्चित नाही’ असं लिहिलं जातं आणि प्रकरण महिनोन्‌महिने टेबलावर फिरतं. शिवाय वाघ गाऱ्यावर परत येतो. तिथेच कॅमेरा लावला तर ओळखीचा पहिला पुरावा मिळतो. सत्तर हजारांची भरपाई आणि वाघाची ओळख एकाच मेलेल्या बैलापाशी पडलेली असते.

अशा प्रकरणात पुढचा आदेश लिहिणाऱ्याने टी-१ ची फाईल शेजारी उघडी ठेवावी. आदेशात वाघाचा क्रमांक आणि दोन्ही कुशींचे फोटो, प्रत्येक मृत्यूसमोर पुराव्याचा प्रकार, पकडण्याचे प्रयत्न तारखांसह, डार्ट मारणाऱ्या पशुवैद्यकाचं नाव, बंदूकधाऱ्याचं नाव आणि शस्त्राचा परवाना क्रमांक, औषध भरल्याची वेळ लिहिण्यासाठी रिकामा रकाना. पिल्लं असतील तर त्यांच्यासाठी वेगळा परिच्छेद. आणि तळावर रोज सकाळी मोठ्याने वाचून दाखवायची एक ओळ: सूर्य मावळल्यावर वाघीण दिसली तर जागा आणि वेळ लिहा, गावाला दवंडी द्या, गाडी मागे घ्या.